पाण्यात राहिलेलं जाळं

बाबुशने बोट वर केलं तेव्हा मी काहीच वाजवलं नव्हतं. माझा हात मशीनवर नव्हताच, मी पेनाचं टोपण शोधत होते. काचेपलीकडे, आतून गालिचा लावलेल्या त्या खोक्यात, कानांवर हेडफोन चढवून तो पाठमोरा बसला होता. त्याच्या उजव्या हाताचं बोट सावकाश वर गेलं आणि खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. पुन्हा. मग जरा थांबून तसंच तीनदा. आता पेशंट असं करतात, त्यात नवल नाही. नापास व्हायला कुणालाच आवडत नाही, परीक्षा कानांची का असेना. वीस सेकंद काही ऐकू आलं नाही की माणूस अंदाजाने बोट वर करून मोकळा होतो. तेरा वर्षं मी मालवणातल्या ह्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासते आहे, मला बोटांचे सगळे बहाणे पाठ आहेत. पण अंदाजाने बोट वर करणारा माणूस मधेच मान वळवून काचेकडे बघतो, बरोबर आलं का म्हणून. बाबुश बघत नव्हता. तीनदा बोट, मग एक दम घ्यायला लागेल एवढी उसंत, मग पुन्हा तीनदा. ती उसंत किती असते ते मला घड्याळाशिवाय कळत होतं, कारण चार वर्षं रोज दुपारी मी तेच अंतर ऐकते आहे. टोपण सापडलं होतं. मी ते हातात धरून बसून राहिले.

रोज दुपारी म्हणजे सव्वा ते दोन वाजून दहा मिनिटं. दवाखाना दुपारी बंद असतो, डॉक्टर जेवायला घरी जातात, सेलिना, आमची रिसेप्शनिस्ट, बाकावर आडवी होऊन मोबाइल बघते, आणि मी त्या बूथमध्ये शिरून दोन्ही दारं लावून घेते. डबा मी साडेअकरालाच दोन पेशंटांच्या मधे उभ्याने खाल्लेला असतो. मला दिवसाची ही पंचावन्न मिनिटं मिळतात, आणि तीही चोरलेली. घरी, तारकर्लीला, नवऱ्याने चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. सकाळी पाचपासून घावणे, चटणी, चहा, पाहुण्यांचे टॉवेल. संध्याकाळी पोचले की खोबऱ्याचं वाटप, सोलकढी, माशांची ताटं. धनेश वाईट माणूस नाही. माझ्या आवाजांच्या नादाला तो हसतो, पण मोडता घालत नाही. 'पावण्यांक दाखव गो तुजो तो खेळ' असंही म्हणतो, आणि पाहुण्यांना काय दाखवायचं हे मला कधीच कळत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. मी आवाज गोळा करते. माडाच्या झापाचे, होडीच्या तळाला पाणी लागतं त्याचे, कुणकेश्वराच्या गाभाऱ्यात कुणी नसताना जे काही असतं त्याचे. मग ते एकावर एक ठेवते, कापते, ताणते, आणि त्यातून काहीतरी होईल अशी वाट बघते. संगीत म्हणायची मला लाज वाटते. मनातल्या मनात म्हणते. घरात जनरेटर, बाहेर बीचवरचे स्पीकर, गावात असा एकच कोपरा आहे जिथे बाहेरचं काही आत येत नाही, आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला असते. ह्याला मी नशीब म्हणत आले. डॉक्टरांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. ठाऊक असूनही त्यांनी काही विचारलं नाही असं मी धरून चालले होते.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात आमच्या वाडीने रापण टाकली होती. होडी जाळं घेऊन आत जाते, कमानीसारखं ते पाण्यात सोडत परत किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून वीस-वीस, तीस-तीस माणसं ते मोठं जाळं वाळूवर ओढत आणतात. दोन-तीन तास लागतात. एक माणूस हाक देतो, बाकीचे त्या हाकेवर ओढतात. तीनदा ओढायचं, एक दम घ्यायचा. हाक देणारा बाबुश. तेव्हा तो पासष्टचा असेल, आवाज असा की पलीकडच्या दोरीवरच्या माणसालाही कानात बोलल्यासारखा लागे. मी एक वेगळा माइक आणला होता, दोरीलाच चिमट्याने बसवायचा. तो हवेतला आवाज घेत नाही, वस्तूच्या अंगातला घेतो. हेडफोन लावले आणि मला धडकी भरली. त्या दोरीत सगळं होतं. काथ्याचं करकरणं, तळव्यांचं घासणं, आणि त्याच्या खूप खाली, दूर, काहीतरी जड हळूहळू आपल्याकडे येत असल्याचा आवाज. माइक सरकू नये म्हणून मी एका हाताने दोरी धरली. बाबुश ओरडला, 'बघत काय रवलंस गो, लाव दोनव हात.' मी लावले. एवढा आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही. आणि आठ वाजता धनेशचा फोन आला. पाहुणे उठले होते. घावणे कोण घालणार, आणि साडेनऊला मला दवाखान्यात पोचायचं होतंच. मी माइक काढला आणि निघाले. जाळं अजून पाण्यात होतं, जाळ्याला धरून तरंगणाऱ्या पिवळ्या बोयांची रांग दिसत होती. मागून बाबुश काहीतरी म्हणाला, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढे करोना-बिरोना नव्हे, साधी माणसांचीच टंचाई झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शेवटची रापण ओढली, त्या दिवशीही मी दवाखान्यात होते. तर माझ्याजवळ त्या नोव्हेंबरातली एकोणीस मिनिटं रेकॉर्ड झालेली आहेत. त्यांत माणसं ओढतायत, ओढतायत, आणि जाळं येत नाही. चार वर्षं मी त्या एकोणीस मिनिटांना शेवट शोधत होते. निरनिराळे शेवट जोडून पाहिले, समुद्राचे, पावलांचे, शांततेचे. सगळे खोटे वाटले.

बूथचं दार उघडून मी बाबुशच्या कानांवरचे हेडफोन काढायला गेले तर त्याने माझं मनगट धरलं. 'काढू नुको गो. रवांदे जरा.' त्याचे कान जवळजवळ संपलेले होते. पंच्याऐंशी डेसिबलला उजव्यात थोडंसं, डाव्यात तेही नाही. मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, 'मामा, काय आयकलास?'

'रापण वडतत. आणि काय आयकूचा?' बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने तो बोलला, आणि बाहेर सेलिनाने मान वर केली. 'तीन वडी आणि एक दम. बरोबर आसा. पण हाक माजी न्हय.'

'मगे कोणाची?'

'बायलमाणूस हाक देता. रापणीक बायलमाणसान हाक दिलेली मी जल्मात आयकूक नाय.' मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, डोळे बारीक करून, जसं समुद्राकडे बघतात. 'तुया त्या दिसा दोरी सोडून गेलंस. दोरयेक हात लावलो काय जाळा वाळयेर येयसर सोडूचो नसता, म्हायत नाय तुका?'

मी म्हटलं, नोकरी होती. हे मी ओरडून म्हटलं नाही, म्हणजे त्याला ऐकू गेलं नसणार.

'वाटो काडून ठेवलेलो तुजो,' तो म्हणाला, मासळीतला. 'हात लावलेल्याक वाटो देवचो लागता. कोण न्हेवक इला नाय, मगे परत पाण्यात सोडलो.' आणि जरा वेळाने, मी त्याला उठवत असताना, आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, 'आमची शेवटची वडली त्या दिसा जाळा वाळयेर इला आणि माजा सगळा बंद झाला. एकदम. लोकांची तोंडा हलतत, आवाज नाय. दोन वर्सा काय नाय गो. आज हंय तेवढा आयकलंय.'

पहिली शंका मला अर्थातच वायरची आली. मशीनला बाहेरून आवाज जोडायची एक सोय असते, आणि दुपारी मी कधीकधी माझा रेकॉर्डर त्यात जोडून ऐकते, कारण त्या हेडफोनइतकं स्वच्छ माझ्या हेडफोनमध्ये येत नाही. वायर तशीच राहिली असणार, रेकॉर्डर चालू राहिला असणार, आणि माझी रापण लोकांच्या कानांत पाझरत असणार. तेरा वर्षांची अब्रू गेली असं मनात आलं. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. मशीनचं भोक रिकामं होतं. वायर माझ्या पिशवीत, डब्याच्या रुमालात गुंडाळलेली, रेकॉर्डर घरी चार्जिंगला. मी टेबलाखालीच बसून राहिले. चूक सापडली असती तर किती बरं झालं असतं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

त्याच आठवड्यात आचऱ्याच्या काशीबाई आल्या, निवृत्त शिक्षिका. वयोमानाप्रमाणे वरच्या पट्टीतलं थोडं गेलेलं, बाकी कान ठणठणीत. आवाजाला बोट अगदी शाळेतल्या मुलीसारखं वेळेवर. आणि मग मी थांबले, मुद्दाम, मशीन पूर्ण बंद करून थांबले, तर बोट वर. तीनदा, उसंत, तीनदा. बाहेर आल्यावर त्या आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. मग पदराला पुसल्यासारखे केले. 'खुर्चीचे हात खरखरीत आहेत हो तुमच्या,' म्हणाल्या. आमच्या खुर्चीला हात नाहीत. गुरुवारी सात वर्षांच्या रियाला तिची आई घेऊन आली, कान फुटत होता म्हणून. ती पोरगी तर बोट वर करायचंच विसरली. दोन्ही मुठी समोर धरून बसली, आणि मी दार उघडल्यावर मला विचारलं, 'जाळा कधी येतला?' आई हसली. 'कसला जाळा गो? सपान बघलंस काय?' मीही हसले. हसणं कसं करायचं ते शरीराला आपोआप येतं. डॉक्टरांनी तिघांच्या तपासणीचे कागद, मी शेरा लिहिलेले, शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, 'मथुराताई, एका आठवड्यात तीन पेशंट असं करतात म्हणजे मशीनमध्ये काहीतरी गळतंय. सोमवारची तपासणी करता ना तुम्ही?'

ही सोमवारची तपासणी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मी जे केलं ते तिथेच केलं. दर सोमवारी पहिल्या पेशंटच्या आधी, ज्याचा कान चांगला म्हणून ठाऊक आहे अशा माणसाने स्वतः हेडफोन लावून मशीन तपासायचं असतं. आमच्याकडे तो चांगला कान माझा. नेहमीचे आकडे आले की मशीन ठीक. तर गेले आठ महिने माझ्या डाव्या कानाला चार हजारावर, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजाला, नेहमीचा आकडा येत नाही. आकडा चढला म्हणजे कान उतरला; आधी दहाचे वीस झाले, मग तीस. गेल्या सोमवारी पंचेचाळीस. उजवाही मागोमाग निघालाय. आणि दर सोमवारी मी रजिस्टरात माझे जुने आकडे लिहिते. कान का जातायत ते मला ठाऊक आहे. चार वर्षं, रोज पंचावन्न मिनिटं, हेडफोन. दोरीची करकर कमी ऐकू यायला लागली की आवाज वाढवायचा, वाढवला की आणखी कमी ऐकू यायला लागतं, की आणखी वाढवायचा. दुसऱ्या कुणाच्या मुलाने असं केलं असतं तर मी आईबापांदेखत त्याला झापलं असतं. मला भीती होती ती नोकरीची नव्हती. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा हेडफोन बंद करायला लावले असते, आणि ते बरोबरच होतं, आणि मला शेवट मिळायच्या आधी कान गेले असते तरी चाललं नसतं आणि हेडफोन गेले असते तरी चाललं नसतं. तेवढं पुरं होऊ दे, मग जाऊ दे, असं मी कुणाला म्हणत होते देव जाणे. घरात तर मला बोललेलं ऐकू येत नाही हे लपवायला सोपंच होतं. बाईने दोनदा हाक मारल्यावर ओ दिली तर घरात कुणाला नवल वाटत नाही. सेलिनाला मात्र वाटायचं. 'गो मथुरा, तीन हाका मारलंय तुका. लक्ष खंय आसा तुजा?'

शुक्रवारी दुपारी मी बूथमध्ये गेले आणि ती एकोणीस मिनिटं लावली. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, जिथे करकर आहे तिथे ती दाट होते. रेघ दाट झाली. मला काही ऐकू आलं नाही. बाबुशची हाक होती, पण तिची धार गेलेली, पांघरुणातून आल्यासारखी. माणसांचे श्वास नव्हते. पावलांखालची वाळू नव्हती. सगळं डोळ्यांना दिसत होतं, कानांना नाही. मग माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर मी दाराच्या कडीला हात लावून उभी राहिले, पण उघडलं नाही. काशीबाईंना मिळालं ते दोरीचं घासणं. ते माझ्याकडून गेलं मागच्या महिन्यात. रियाला ते खालचं जड येणं ऐकू आलं असणार, नाहीतर जाळ्याचं तिला कोण सांगणार? तेही ह्या आठवड्यात माझ्याकडून गेलं. माझ्या कानांतून निघालेलं बाहेर कुठे गेलंच नव्हतं. दोन दारं, चार भिंती, गालिचा. त्या खोक्यातून काही बाहेर जात नाही, हे मीच पेशंटना अभिमानाने सांगते. ते सगळं तिथेच साठून होतं आणि ओढत होतं. मी हेडफोन काढले. नुसत्या कानांनी ऐकायचा प्रयत्न केला. मला माझं रक्त ऐकू आलं, तेवढंच. ज्याचं त्यालाच ऐकू येऊ नये, असं काहीसं वाटून मला रडू आलं. दोन वाजून दहा मिनिटांनी मी तोंड धुऊन टेबलाशी बसले.

पुढच्या बुधवारी कोल्हापूरहून विनीत आला, मशीनवाल्या कंपनीचा इंजिनियर. तरुण, नीटनेटका, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघणारा. सकाळभर त्याने हेडफोन त्याच्या मीटरला जोडून एकेक आवाज मोजला, बूथची रबरं दाबून पाहिली, आत मीटर ठेवून दारं लावली. मी पेशंटांना उद्या या म्हणून सांगत होते आणि एक डोळा त्याच्याकडे होता. बाराच्या सुमाराला तो डॉक्टरांना म्हणाला, 'सर, मशीन एकदम बरोबर आहे. बूथ तर फारच चांगला आहे, एवढा शांत मी जिल्ह्यात पाहिला नाही. गळतीबिळती काही नाही.' मग रजिस्टर चाळत, अगदी सहज, 'आता शेवटचं म्हणजे मॅडमचा कान एकदा घेऊ. ह्या आकड्यांशी जुळला की सही करतो.' डॉक्टर हो म्हणाले. मी हो म्हणाले की नाही आठवत नाही. सेलिना म्हणाली, 'जा गो, आज तुजी पाळी.' तिला गंमत वाटत होती.

बाहेरच्या बाकावर बाबुश येऊन बसला होता, कानाच्या मशीनचं माप द्यायला. मांडीवर गुंडाळलेली रिकामी कापडी पिशवी. मी त्याच्यासमोरून गेले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांच्या मुठी एकापुढे एक धरून दाखवल्या, घट्ट. मी आत गेले. पेशंटच्या खुर्चीत, काचेकडे पाठ करून, मी एवढ्या वर्षांत दुसरं कुणी मशीनवर असताना कधी बसले नव्हते. विनीतने माझ्या कानांवर हेडफोन बसवले, लाल उजवीकडे, निळा डावीकडे, जसे मी हजारो लोकांच्या बसवले. आतलं दार लागलं. बाहेरचं दार लागलं. मी हात मांडीवर ठेवले आणि ठरवलं की खरं तेच सांगायचं. ऐकू आलं तर बोट वर, नाही तर नाही. निदान एवढं तरी.

आधी श्वास आले. वीस-पंचवीस माणसांचे, एकदम ओढलेले. मग वाळू. मग दोरी, आणि ती अशी स्वच्छ, एकेक काथ्या वेगळा, की मी दचकून मागे सरकले. आठ महिन्यांत मी असं काही ऐकलं नव्हतं. बोट वर गेलं, मी नेलं नाही. तीनदा. दम. तीनदा. आणि हाक. बाबुश म्हणाला होता तशी, बाईची. ती ओळखायला मला क्षणही लागला नाही, कारण तो आवाज मी रोज ऐकते, माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, तारीख, वार, जागा सांगताना. मीच हाक देत होते. अशी हाक मी कधी दिलेली नाही, माझ्या गळ्यातून ती निघेलसं मला वाटलंही नसतं. आणि मग ह्या सगळ्याच्या मधून, कानाशी, विनीतचा आवाज आला. त्याच्याकडे पेशंटशी बोलायचं बटण होतं. 'मॅडम, मी अजून सुरू केलेलं नाही.' थोड्या वेळाने पुन्हा, जरा गोंधळून, 'मॅडम, बोट खाली ठेवा. काही वाजत नाहीये. बाहेर येता का?' आठ वाजले, पाहुणे उठले, घावणे कोण घालणार, त्याच सुरातलं, मऊ, रास्त. उठणं अगदी सोपं होतं. हेडफोन काढायचे, दार ढकलायचं, आकडे खोटे होते म्हणून सांगायचं. डॉक्टर रागावले असते, औषधं दिली असती, उरलेले कान राहिले असते. राहिलेच असते, पंचेचाळीसावर का होईना. बाबुशचं जे झालं ते मला ठाऊक होतं, त्याने सांगितलं होतं. जाळं वाळूवर आलं की सगळं बंद. मला धनेशचा आवाज आठवला, आणि कुकरच्या शिट्ट्या, आणि सेलिनाचं 'गो मथुरा'. मला फार भीती वाटली. पण दोरी हातात होती आणि ती भरलेली होती, दुसऱ्या टोकाला खरोखरीच काहीतरी होतं, आणि एकदा सोडून काय होतं ते मी चार वर्षं ऐकलं होतं. मी दोन्ही मुठी आवळल्या. बोट वर करायचं कारण उरलं नाही. आम्ही ओढलं.

ते खालून आलं. मोठं, संथ, पाण्याला बाजूला सारत. बोयांचा आवाज आला, एकमेकांवर आपटणाऱ्या. लाटेचं पाणी जाळ्यातून गाळून परत जायचा आवाज, तो कसा असतो हे मी किती वेळा बनवून पाहिलं होतं आणि एकदाही जमलं नव्हतं. तो असा होता तर. साधाच होता. मग वाळूवर ते सगळं एकदम टेकलं, आणि मासळीची फडफड सुरू झाली, हजारो शेपट्यांची, जोराची, मग विरळ, मग एखाद्याच शेपटीची, आणि मग तीही थांबली. इथेच संपवायचं होतं, एवढंच. मी हसत होते असं सेलिनाने पुढे मला कागदावर लिहून दिलं.

दार उघडलं तेव्हा ते उघडल्याचं मला कळलं प्रकाशावरून. विनीत समोर आला, त्याचे ओठ हलले. त्याने मागे वळून डॉक्टरांना हाक मारली असावी, कारण डॉक्टर आले. त्यांचेही ओठ हलले. त्यांनी माझ्या कानाजवळ टाळी वाजवली, मला गालावर वारा लागला. विनीतने परत हेडफोन लावले, धावत मशीनशी गेला. मी मान वळवून काचेतून त्याच्या बोटाकडे बघत होते, तो आकडा वाढवत होता, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद, आणि दर वेळी आशेने माझ्या हाताकडे बघत होता. माझे हात मांडीवर होते. खरं तेच सांगायचं मी ठरवलं होतं. तळहात लाल झाले होते आणि चुरचुरत होते. सेलिना दारात तोंडावर हात ठेवून उभी होती, मला तिची दया आली.

मी उठून बाहेर आले. बाकावरून बाबुश उठला. मघाची रिकामी पिशवी आता भरलेली होती, आणि तिच्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं, बाकाखाली थारोळं झालं होतं. दोन वर्षं आमच्या वाडीत रापण पडलेली नाही. त्याने पिशवीचं तोंड उघडून मला दाखवलं. तारले आणि बांगडे, ओले, वाळूने माखलेले, आणि वरच्या दोन-तीन बांगड्यांचे कल्ले अजून उघडत मिटत होते. तो एकच शब्द बोलला. ओठ वाचायला मी अजून शिकले नव्हते, पण तो शब्द वाचायला शिकावं लागलं नाही. वाटो. मी दोन्ही हात पुढे केले आणि पिशवी घेतली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. रोज ह्या वेळी मी आत जाते. आज जायची गरज नव्हती.